हा ब्लॉक कुठला आणि त्याचा रंग ठरवतो कोण? चांदवडचा रंगमहाल फोनवर बांधताना समजलेल्या गोष्टी

"मामा, आपली भिंत गेली!"

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या भाच्यानं मिळून फोनवर चांदवडचा रंगमहाल बांधायला घेतला होता. भाचा चांदवडचाच, त्यामुळे वाडा त्याच्या पायाखालचा. होळकरांचा हा १८ व्या शतकातला वाडा, अहिल्यादेवींच्या नावाशी जोडलेला. बाहेरून काळ्या दगडाचा किल्ल्यासारखा, आत गेलं की नक्षीचे लाकडी खांब, तुळया आणि भिंतींवर रंगीत चित्रं. आम्ही बाहेरची भिंत आणि दरवाजा उभा केला होता. मग एका रात्री फोनची मेमरी भरली म्हणून मी गेममधले दोन-तीन मॉड उडवले. सकाळी भाच्यानं जग उघडलं तर दगडी भिंतीच्या जागी एकसारखे विचित्र चौकोन, आणि प्रत्येकावर 'अननोन नोड' लिहिलेलं. म्हणजे, 'हा ब्लॉक कोण आहे ते मला माहीत नाही'.

चूक माझीच होती. पण ती भिंत परत आणताना जे समजलं ते सँडबॉक्स गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. सँडबॉक्स म्हणजे ज्यात ठरलेली गोष्ट नसते, मोकळं जग मिळतं आणि तुम्हीच खणायचं, तुम्हीच बांधायचं. माइनक्राफ्ट सगळ्यांना माहीत आहे. आम्ही वापरत होतो लुआंटी. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतं. २०१० मध्ये फिनलंडच्या पेर्टू अहोला यानं ते सुरू केलं तेव्हा नाव होतं माइनटेस्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते लुआंटी झालं. फिनिश भाषेत 'लुओन्ती' म्हणजे निर्मिती, आणि यातले मॉड 'लुआ' या भाषेत लिहितात, त्या दोन शब्दांची ही गंमत.

तर चला, आधी ब्लॉकचं नाव बघू.

नावातच गाव असतं

पेशवाईच्या काळात सगळीकडे एकच रुपया नव्हता. वेगवेगळ्या टांकसाळींत पाडलेले रुपये बाजारात एकत्र फिरायचे. चांदवडलाही टांकसाळ होती आणि तिथल्या रुपयाला लोक 'चांदवडी रुपया' म्हणायचे. सराफ नाणं हातात घ्यायचा, कुठल्या टांकसाळीचं ते ओळखायचा आणि त्याप्रमाणे बट्टा कापायचा. नुसतं 'रुपया' म्हणून भागत नसे. कुठला रुपया, हे सांगावंच लागे.

ब्लॉकचंही हेच आहे. आपल्याला पडद्यावर 'दगड' दिसतो, पण गेमच्या वहीत त्याचं पूर्ण नाव दोन भागांत लिहिलेलं असतं, मध्ये दोन टिंबं. लुआंटीत 'डिफॉल्ट:स्टोन', 'वूल:रेड'. माइनक्राफ्टमध्ये 'माइनक्राफ्ट:रेड_वूल'. (गेममध्ये हे इंग्रजी लहान अक्षरांत दिसेल, आपण इथे मराठीत लिहितोय.) पहिला भाग म्हणजे टांकसाळ: ब्लॉक कुठल्या मॉडमधून किंवा मूळ गेममधून आला. दुसरा भाग म्हणजे वस्तू. दोन वेगळ्या मॉडमध्ये 'लाल वीट' असली तरी गोंधळ होत नाही, कारण दोघींचं गाव वेगळं.

फोनवर हे नाव बघायचं कसं? लुआंटीत पडद्यावरच्या बटणांच्या मेनूत डीबगचं बटण असतं. ते चालू करून एखाद्या ब्लॉककडे रोखून बघा. वरच्या ओळींमध्ये त्याचं पूर्ण नाव येतं, सोबत 'पॅरम२' नावाचा एक आकडाही येतो. तो आकडा लक्षात ठेवा, रंगाची किल्ली तीच आहे. माइनक्राफ्टच्या कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत एफ३ दाबलं की समोरच्या ब्लॉकचं नाव उजवीकडे दिसतं. फोनवरच्या बेडरॉक आवृत्तीत एफ३ नाही. तिथे चीट्स चालू असलेल्या जगात चॅटमध्ये सेटब्लॉकची आज्ञा टाइप करायला घेतली की नावांची यादी सुचवली जाते, त्यावरून काम भागतं. पण तुमच्या खऱ्या जगात चीट्स चालू करू नका, एखादं कच्चं जग उघडून तिथे बघा.

सोळाच रंग का?

माइनक्राफ्टमध्ये लोकर घ्या, काँक्रीट घ्या, रंगीत काच घ्या, रंग सोळाच. हा आकडा कुणा चित्रकारानं ठरवलेला वाटत नाही. तो कॉम्प्युटरच्या हिशोबात अगदी नेमका बसतो.

२००९ च्या जुन्या क्लासिक आवृत्तीत रंगीत कापडाच्या प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक-क्रमांक होता, २१ पासून ३६ पर्यंत. म्हणजे फक्त कापडासाठी सोळा क्रमांक खर्ची. तेव्हा क्रमांकाला जागा होती एका बाइटची, म्हणजे जास्तीत जास्त २५६ ब्लॉक. अशी उधळपट्टी किती दिवस परवडणार? पुढे पद्धत बदलली. लोकर एकच, क्रमांक ३५, आणि तिच्याशेजारी एक छोटा कप्पा ४ बिटांचा. ४ बिटांत ० ते १५ असे सोळाच आकडे मावतात. ३५ आणि कप्प्यात ० म्हणजे पांढरी, ३५ आणि १४ म्हणजे लाल. जानेवारी २०११ च्या बीटा १.२ मध्ये रंग बनवायची सोय आली आणि सोळा रंगांचा हा संसार पक्का झाला.

त्या वेळी रंगांचा उगमही मजेशीर होता. पांढरा रंग हाडांच्या भुकटीतून, काळा माकुळाच्या शाईतून, निळा लाजवर्द खड्यातून, तपकिरी कोकोच्या बियांतून, हिरवा निवडुंग भट्टीत भाजून. यातले चार, म्हणजे पांढरा, काळा, निळा आणि तपकिरी, हे वेगळे रंग नव्हतेच. भुकटी हीच पांढरा रंग, शाई हीच काळा. २०१९ च्या १.१४ मध्ये या चौघांना स्वतःचे वेगळे रंग मिळाले. जुना व्हिडिओ बघून आज खेळणारा मुलगा थेट शाईची पिशवी घेऊन मेंढी रंगवायला जातो आणि मेंढी काळी होत नाही, त्याचं कारण हे.

मग जुलै २०१८ मध्ये १.१३ आली आणि क्रमांकांची सगळी वहीच बदलली. या बदलाला खेळाडू 'फ्लॅटनिंग' म्हणतात. ३५ आणि १४ गेलं, त्याजागी सरळ नाव आलं. प्रत्येक रंगाची लोकर पुन्हा वेगळा ब्लॉक झाली, पण आता क्रमांकांची टंचाई नव्हती, कारण जगाचा १६ गुणिले १६ गुणिले १६ चा प्रत्येक तुकडा स्वतःपुरती नावांची छोटी यादी ठेवतो आणि आत फक्त यादीतला नंबर लिहितो. जुन्या आज्ञा, जुने मॉड एका फटक्यात निकामी झाले, लोकांनी भरपूर शिव्याही घातल्या. माझ्या मते बदल योग्यच होता. '३५:१४' बघून कुणालाही काही कळत नव्हतं.

लुआंटीतही ब्लॉक नावानंच ओळखले जातात. प्रत्येक ब्लॉकमागे ४ बाइट: दोन बाइटांत नावाचा नंबर, एका बाइटात उजेड, आणि उरलेला एक बाइट म्हणजेच मघाचा 'पॅरम२'. या एका बाइटात ० ते २५५ आकडे बसतात. म्हणून एखादा मॉड ठरवेल तर एकाच ब्लॉकला २५६ रंग देऊ शकतो. पण तोच बाइट ब्लॉकची दिशा लिहायलाही लागतो. ब्लॉक सगळ्या बाजूंना फिरवता यायला हवा असेल तर दिशेसाठी ५ बिट जातात आणि रंगांसाठी उरतात ३, म्हणजे फक्त आठ रंग. मशालीसारखा भिंतीला चिकटणारा ब्लॉक असेल तर दिशेला ३ बिट पुरतात आणि रंग बत्तीस मिळतात. एका फळीचे २५६ रंग मिळतात आणि तिच्याच जिन्याचे आठच, हे बघून भाचा जाम वैतागला होता. जिना फिरवावा लागतो ना, म्हणून.

शेड कार्डाचा घोळ

आता मुख्य गोष्ट. 'पॅरम२' मध्ये रंग लिहिलेला नसतो, रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो.

घराला रंग द्यायचा म्हटलं की दुकानदार शेड कार्ड पुढे करतो. तुम्ही म्हणता, "४० नंबर द्या." पण ४० नंबर कुठल्या कंपनीच्या कार्डावरचा? एकीच्या कार्डावर तो करडा असेल, दुसरीच्या कार्डावर पोपटी. गेममधलं शेड कार्ड म्हणजे 'पॅलेट', एक छोटीशी चित्राची फाइल, तिच्यात रंगांचे ठिपके ओळीनं मांडलेले. जगाच्या फाइलमध्ये फक्त ४० लिहिलेलं असतं. मॉडच्या लेखकानं पुढच्या आवृत्तीत ठिपक्यांचा क्रम बदलला की तुमच्या भिंतीचा रंग बदलतो, आणि तुम्ही तर एकाही ब्लॉकला हात लावलेला नसतो.

माइनक्राफ्टमध्येही असं झालंय, वेगळ्या वाटेनं. जून २०१७ च्या १.१२ मध्ये लोकरीच्या रंगछटा बदलून जास्त भडक केल्या. एप्रिल २०१९ च्या १.१४ मध्ये जवळजवळ सगळ्याच ब्लॉकची चित्रं नव्यानं आली. ज्यांनी आधी वाडे-महाल बांधले होते त्यांचे रंग रातोरात वेगळे दिसू लागले. कारण जगाच्या फाइलमध्ये असतं नाव आणि चित्र असतं गेममध्ये. जुनं रूप हवं असेल तर जुन्या चित्रांचा टेक्स्चर पॅक लावावा लागतो, जग तसंच राहतं.

गवताला रंग कुणी दिला?

सातमाळ्याचे डोंगर श्रावणात हिरवेगार असतात आणि एप्रिलमध्ये पिवळे. गवत तेच, रंग दुसरा. गेममध्येही एकच गवताचा ब्लॉक जंगलात गर्द हिरवा आणि वाळवंटाजवळ पिवळट दिसतो. पण तिथे ऋतू नाही, जागा रंग ठरवते.

माइनक्राफ्टमधल्या गवताचं मूळ चित्र करड्या रंगाचं असतं. गेम त्या भागाचं तापमान आणि पाऊस असे दोन आकडे घेतो, २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या एका रंग-नकाशात त्या जागेवरचा हिरवा शोधतो आणि करड्या चित्राशी त्याचा गुणाकार करतो. गुणाकार खराखुरा, बरं का. समजा चित्रातला ठिपका १८० आहे आणि नकाशातल्या रंगाचा लाल भाग १२८. तर १८० गुणिले १२८, भागिले २५५, उत्तर साधारण ९०. असंच हिरव्याचं आणि निळ्याचं. गुणाकारामुळे रंग मूळ चित्रापेक्षा गडदच होऊ शकतो, उजळ कधीच नाही. येवल्यात पैठणीचं सूत रंगवणाऱ्याला विचारा. पांढऱ्या सुतावर कुठलाही रंग चढेल, काळ्यावर काय चढणार? म्हणून जे ब्लॉक रंगवायचे असतात त्यांची मूळ चित्रं फिकट करडी ठेवतात. मॉड बनवणाऱ्या नवख्या पोरांची हमखास चूक म्हणजे गडद चित्र घेऊन त्यावर रंग चढवायला बघणं.

याचा त्रास कुठे होतो? तुम्ही हिरव्या भागातून गवताचा ब्लॉक उचलून कोरड्या भागातल्या अंगणात लावला तर तो तिथे पिवळट होतो. ब्लॉकनं रंग सोबत आणलेला नसतो. लुआंटीतल्या 'माइनटेस्ट गेम'मध्ये मात्र सुक्या गवताचा ब्लॉकच वेगळा आहे, तो कुठेही लावा, सुकाच राहतो. दोन्ही पद्धतींत आपापली सोय आहे. चांदवडचा कोरडा माळ उभा करायचा असेल तर मला दुसरी पद्धत बरी वाटते.

आणखी एक प्रकार तांब्याचा. २०२१ च्या १.१७ पासून माइनक्राफ्टमध्ये तांब्याचे ब्लॉक आले आणि ते हळूहळू कळंकतात. चार पायऱ्या: लालसर, थोडं मळलेलं, हिरवट, पूर्ण हिरवं. प्रत्येक पायरीचं नाव वेगळं. मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण लावलं तर रंग तिथेच थांबतो. कुऱ्हाडीनं खरवडलं की एक पायरी मागे जाता येतं. आपल्याकडे तांब्याचा हंडा चिंचेनं घासतात, तेवढी नजाकत गेममध्ये नाही! पण कळस बनवायला हा ब्लॉक झकास आहे. नवा कळस हवा की जुना, ते ठरवा आणि मेण लावून टाका.

चांदवडचा काळा दगड कुठल्या ब्लॉकनं?

आता आपला रंगमहाल. त्याचा दगड म्हणजे बेसाल्ट. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या दगडाचा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, त्याला दख्खन ट्रॅप म्हणतात. चांदवडहून सातमाळ्याकडे बघितलं तर डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, कुणीतरी ब्लॉक रचून ठेवल्यासारखे. 'ट्रॅप' हा शब्दही पायरीवरूनच आला, स्वीडिश 'ट्राप्पा' वरून. आणि माइनक्राफ्टही स्वीडनचंच. योगायोग, पण मला आवडतो.

माइनक्राफ्टमध्ये बेसाल्ट नावाचा ब्लॉक जून २०२० च्या १.१६ मध्ये आला. तो पाताळात म्हणजे नेदरमध्ये सापडतो. बनवायचाही उपाय आहे: खाली सोल सॉइल, शेजारी निळा बर्फ आणि वरून लाव्हा वाहू द्या, गोठून बेसाल्ट होतो. लाव्हा गोठून दगड, हा भाग एकदम खरा. पण नाव बघून तोच ब्लॉक घेऊ नका. त्याच्या अंगावर उभ्या रेघा आहेत. उभ्या खांबांसारखा फुटणारा बेसाल्ट डोळ्यांपुढे ठेवून तो काढलाय. घडीव चिऱ्यांची भिंत त्यानं होत नाही, खांब मात्र छान होतात.

करड्या दगडांचं घराणं केव्हा-केव्हा वाढलं ते बघितलं तर निवड सोपी होते. २०१४ च्या १.८ मध्ये अँडेसाइट आला, मध्यम करडा. १.१६ मध्ये बेसाल्टसोबत ब्लॅकस्टोन आला, काळा पण जांभळट झाक असलेला. १.१७ मध्ये डीपस्लेट आला, गडद करडा, आणि त्याच्या विटा, फरश्या, घोटीव चिरे असं सगळं कुटुंब मिळालं. टफ हा थोडा हिरवट करडा दगडही त्याच वेळचा, पण त्याच्या विटा यायला २०२४ उजाडलं. तुमचा फोन जुना आणि गेमची आवृत्ती जुनी असेल तर यातले अर्धे ब्लॉक तुमच्याकडे नसतील, आणि मित्रानं पाठवलेलं जग उघडणारच नाही. म्हणून दोघांनी मिळून बांधायचं ठरवलं की आधी आवृत्ती जुळवा.

आमच्या कसोटीत डीपस्लेटच्या विटा पहिल्या आल्या. पण नुसत्या त्याच लावल्या तर भिंत कोळशाची वाटते. खरा जुना चिरा एकसारखा काळा नसतो. ताजा फोडलेला निळसर काळा, ऊन-पाऊस खाल्लेला तपकिरी, पावसात भिजला की आणखी गडद. घाटात रस्त्यासाठी दरड कापलेली असते तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. म्हणून साधारण दहात सात डीपस्लेट, दोन टफ आणि एक अँडेसाइट असं मिश्रण विस्कटून लावलं आणि भिंतीला जीव आला.

आतल्या भिंतींसाठी भाच्याला पांढरं काँक्रीट हवं होतं. ते बनवणं सोपं: चार वाळू, चार खडी, एक रंग, यातून आठ ब्लॉक भुकटी मिळते आणि पाणी लागलं की घट्ट होते. पण काँक्रीटचा रंग सपाट आणि झगझगीत, नव्या मॉलसारखा. जुन्या चुन्याच्या गिलाव्याला पांढरा टेराकोटा घ्या. नाव पांढरा, पण दिसतो मातकट गुलाबीसर, अगदी जुन्या वाड्याच्या भिंतीसारखा. टेराकोटा म्हणजे भाजलेली चिकणमाती. तिचे सोळा रंग बनवता येतात, आणि बॅडलँड्स नावाच्या भागात साध्या मातकट टेराकोटासोबत सहा रंग डोंगरातच सापडतात: पांढरा, फिकट करडा, नारिंगी, पिवळा, लाल, तपकिरी. भिंतीवरच्या चित्रांसाठी एवढे पुरले.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी बघावी अशी आहे. १.१७ पासून माइनक्राफ्टच्या जमिनीखाली जांभळ्या खड्यांचे गोळे सापडतात. बाहेरचं कवच गुळगुळीत बेसाल्टचं, त्याच्या आत पांढऱ्या कॅल्साइटचा थर, आणि सगळ्यात आत जांभळा अमेथिस्ट. हे काल्पनिक वाटेल, पण आपल्या दगडाची ही जवळपास खरी रचना आहे. लाव्हा गोठताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत पाणी झिरपून खनिजं साचली: कॅल्साइट, गारगोटी, अमेथिस्ट, झिओलाइट. नाशिक जिल्ह्यातच सिन्नरला गारगोटी संग्रहालयात असे नमुने काचेत मांडलेले आहेत. भाचा तिथे एका जांभळ्या नमुन्यासमोर उभा राहून म्हणाला, "मामा, हे तर गेममधलं आहे." मी त्याला म्हटलं, उलटं आहे रे.

दगडाचा रंग फोननं मोजताना

खऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यावरून ब्लॉक निवडणार असाल तर फोनवर लगेच विश्वास ठेवू नका. कॅमेरा पांढऱ्याचा अंदाज आपोआप लावतो, त्यामुळे संध्याकाळचा काळा दगड तपकिरी येतो आणि सावलीतला निळसर. उपाय साधा आहे. भिंतीशेजारी एक कोरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही फोटोत घ्या. एडिटिंग ॲपमध्ये कागद पांढरा दिसेपर्यंत रंग सरळ करा, मग दगडाचा रंग उचला. फोटो कडक उन्हात नको, एकसारख्या सावलीत काढा. आणि गेममध्ये ब्लॉक तपासताना भर दुपारच्या उजेडात तपासा. मशालीजवळ सगळे करडे सारखेच वाटतात.

आणि ब्लॉक ठेवला कुणी?

मित्रांच्या सर्व्हरवर खेळताना उगमाचा अर्थ वेगळाच होतो. रात्रीतून तुमच्या दरवाजात कुणीतरी गुलाबी लोकर भरली, तर ती कुठल्या मॉडची याच्याशी तुम्हाला देणंघेणं नसतं, ती कुणी ठेवली ते हवं असतं. लुआंटीत सर्व्हर चालवणाऱ्यानं सेटिंगमध्ये रोलबॅकची नोंद आधीपासून चालू ठेवलेली असेल तर रोलबॅक चेकची आज्ञा देऊन ब्लॉकला ठोसा मारायचा. कुणी, किती वेळापूर्वी बदल केला ते येतं. एखाद्या खेळाडूनं केलेले बदल मागेही घेता येतात. माइनक्राफ्टच्या जावा सर्व्हरवर हेच काम कोअरप्रोटेक्ट नावाचा प्लगइन करतो. दोन्हीकडे अट एकच, नोंद आधीपासून चालू हवी. भांडण झाल्यावर चालू करून उपयोग नाही.

भिंत परत कशी आली

आता त्या अनोळखी चौकोनांकडे. मी मॉड उडवला तेव्हा ब्लॉकचं चित्र, आकार, आवाज, सगळं गेलं. पण जगाच्या फाइलमध्ये त्या जागांवर नाव तसंच होतं, मॉड:ब्लॉक, आणि 'पॅरम२' चा आकडाही. गेमला टांकसाळ सापडत नव्हती, एवढंच. डीबग चालू करून चौकोनावर रोखलं तर नाव समोर आलं. त्यातला दोन टिंबांआधीचा शब्द घेतला, लुआंटीच्या आतल्याच कंटेंट डीबी या भांडारात शोधला, मॉड पुन्हा उतरवला. तरीही चौकोन तसेच! कारण मॉड नुसता उतरवून चालत नाही, त्या जगाच्या यादीत तो चालूही करावा लागतो. तो चालू केला, जग उघडलं, आणि भिंत जशीच्या तशी उभी. रंगसुद्धा तेच, कारण मॉडचं शेड कार्ड बदललेलं नव्हतं.

फक्त दरवाजाच्या डाव्या बाजूचे अकरा चिरे परत आले नाहीत. भाच्यानं सकाळी घाबरून तेवढे चौकोन खणून त्याजागी साधा दगड लावला होता, आणि साधा दगड तिथेच राहिला. अनोळखी ब्लॉक दिसले तर खणू नका, असं मी त्याला आधी सांगायला हवं होतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर आणखी जपायला लागतं. तिथे मॉड काढून जग उघडलं की त्या मॉडचे ब्लॉक सहसा हवेत विरतात आणि जग सेव्ह झालं की नंतर मॉड लावूनही येत नाहीत. म्हणून मॉडला हात लावण्याआधी जगाची एक प्रत काढून ठेवा. फोनवर तर ॲप काढून टाकतानाही हे लक्षात असू द्या, ॲपच्या फोल्डरसोबत जगही जाऊ शकतं.

ते अकरा चिरे आम्ही परत बसवले नाहीत. भाचा म्हणतो, खऱ्या वाड्यातही कुठे कुठे डागडुजीचा दगड वेगळा दिसतोच. आता तो आतल्या चौकातले लाकडी खांब करतोय. डार्क ओक घ्यायचा की स्प्रूस, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. तुम्ही रंगमहाल बघितला असेल तर सांगा, सागाचा तो जुना रंग तुम्हाला कुठल्या ब्लॉकच्या जवळचा वाटतो?